बदली मागितली कोणी?

रत्नागिरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा मजकूर गाळून पत्राचा सारांश पुढे देत आहे.

"मी एका पतसंस्थेच्या रत्नागिरीतील शाखेत बारा वर्षे क्लार्क-कॅशिअर म्हणून काम करते. शाखाधिकाऱ्यांच्या वागण्याबद्दल जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी संस्थेच्या अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची लेखी तक्रार दिली. समितीने माझा जबाब घेतला, पण चौकशी अजून पुरी झालेली नाही. तक्रारीनंतर तीन आठवड्यांच्या आतच 'प्रशासकीय कारणास्तव' मंडणगड शाखेत बदली झाल्याचा आदेश माझ्या हातात पडला. सात दिवसांत रुजू व्हायचे आहे. शाखाधिकारी मात्र त्याच खुर्चीवर आहेत. सरव्यवस्थापक म्हणतात, 'ताई, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.' एका संचालकांनी माझ्या दिरांकरवी निरोप पाठवला की तक्रार मागे घेतलीत तर बदलीही मागे घेऊ. घरी सासूबाई डायलिसिसवर आहेत, मुलगा चौथीत आहे, यजमान मासेमारी नौकेवर आहेत आणि बंदी उठली की तेही समुद्रात जातील. अशी बदली कायद्यात बसते का? मी रुजू झाले नाही तर काय होईल? आणि चौकशी संपण्याआधी शाखाधिकाऱ्यांची बदली मागणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल, असे सहकारी म्हणतात, ते खरे आहे का?"

ताई, तुम्ही लिहिले आहे तशीच वस्तुस्थिती असेल, तर ही बदली कायद्याच्या कसोटीवर टिकणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला जोडूनच दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. चुकीचा आदेश आपोआप रद्द होत नाही. तो संस्थेने मागे घेईपर्यंत किंवा न्यायालयाने त्याला स्थगिती देईपर्यंत कागदावर जिवंत असतो, आणि त्याकडे नुसते दुर्लक्ष केल्यास उद्या तोच तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. म्हणून तुमची बाजू बरोबर असूनही पुढची पावले जपून टाकावी लागतील.

प्रथम बदलीविषयीचा सर्वसाधारण नियम समजून घ्या, कारण संस्थेचे वकील त्याच नियमापासून सुरुवात करतील. ज्या नोकरीत बदलीची अट आहे तिथे बदली हा नोकरीचाच भाग मानला जातो आणि एकाच ठिकाणी राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पी बोस विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात आणि त्यानंतरही अनेकदा सांगितले आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर नेमणूकपत्र काढा आणि 'संस्थेच्या कोणत्याही शाखेत काम करावे लागेल' असे वाक्य त्यात किंवा सेवानियमांत आहे का ते पाहा. ते नसेल तर तुमची बाजू तिथेच पुष्कळ भक्कम होते. असले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण बदलीचा अधिकार असणे आणि तो कोणत्याही हेतूने वापरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सोमेश तिवारी यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शिक्षेऐवजी म्हणून काढलेला बदलीचा आदेश पूर्णपणे बेकायदेशीर ठरतो. आदेशावर 'प्रशासकीय कारणास्तव' असे शब्द छापले, एवढ्याने कारण प्रशासकीय होत नाही. ते कारण कोणते होते, हे विचारले गेल्यावर संस्थेला सांगावे लागते.

आता तुमच्या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, त्याच्या कलम १२ मध्ये चौकशी चालू असताना बदली कशी करता येते ते लिहिलेले आहे. पीडित महिलेने लेखी विनंती केली तर अंतर्गत समिती मालकाला अशी शिफारस करू शकते की त्या महिलेची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची अन्य ठिकाणी बदली करावी, किंवा त्या महिलेला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, किंवा नियमांत सांगितलेला अन्य दिलासा द्यावा. समितीने शिफारस केली की ती अमलात आणणे आणि तसा अहवाल समितीला देणे मालकावर बंधनकारक आहे. हा क्रम लक्षात घ्या. सुरुवात महिलेच्या अर्जाने होते, मध्ये समितीचा विचार असतो आणि मालकाचा आदेश सर्वांत शेवटी येतो. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्याच नाहीत. तुम्ही बदली मागितलेली नाही, आणि समितीने तशी शिफारस केल्याचे तुमच्या पत्रात कुठेही दिसत नाही. सरव्यवस्थापकांनी 'तुमच्या सुरक्षिततेसाठी' असे म्हटले, त्यामुळे तर एक गोष्ट अधिकच उघड झाली. बदलीचा संबंध तक्रारीशी आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. संबंध तक्रारीशी असेल तर कलम १२ ची वाट सोडून संस्थेला जाता येत नाही, आणि संबंध नसेल तर सुरक्षिततेची भाषा कशासाठी, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

हा विचार २०१३ मध्ये प्रथम आला असेही नाही. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतच म्हटले होते की छळ करणाऱ्याची बदली मागायची की स्वतःची, हा पर्याय पीडित महिलेला असावा. न्यायालयाने निवड तिच्याकडे ठेवली यामागे कारण आहे. छळ झालेली जागा सोडून जाणे एखादीला खरोखर हवे असते. रोज तोच चेहरा पाहणे तिला असह्य झालेले असते. दुसरीला मात्र तीच नोकरी, तेच गाव, मुलाची तीच शाळा सोडणे म्हणजे तक्रार केल्याची किंमत मोजणे वाटते. यांपैकी तिला काय हवे, हे तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवले की संरक्षणासाठी दिलेली तरतूद शिक्षेचे साधन बनते.

सुरक्षिततेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. कोकणातल्या पतसंस्थेची शाखा बहुधा एका हॉलची असते, चार-पाच माणसे, एक कॅश काउंटर आणि काचेची एक केबिन. तिथे तक्रारदार आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो अधिकारी रोज समोरासमोर बसणे चौकशीच्या दृष्टीनेही चांगले नाही. साक्षीदार दबतात. दोघांना वेगळे करणे योग्यच आहे. पण रत्नागिरी शहरातच संस्थेची दुसरी शाखा किंवा मुख्य कार्यालय असताना तुम्हाला थेट जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पाठवणे ही सुरक्षिततेची योजना म्हणता येणार नाही. मंडणगडला रेल्वे नाही. कोकण रेल्वेने खेडपर्यंत जायचे आणि पुढे एसटीने, तेही जुलैच्या पावसात. डायलिसिसवर असलेल्या सासूबाई आणि चौथीतला मुलगा घरी ठेवून हे रोज करणे कोणालाही शक्य नाही, आणि हे सरव्यवस्थापकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तुमच्या वकिलाने अवश्य वाचावा. पंजाब अँड सिंध बँक विरुद्ध दुर्गेश कुवर, २५ फेब्रुवारी २०२०. दुर्गेश कुवर बँकेच्या इंदूर शाखेत मुख्य व्यवस्थापक होत्या, श्रेणी चार. त्यांनी शाखेतील गैरव्यवहारांबद्दल वरिष्ठांना कळवले होते आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही केली होती. त्यानंतर त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसावा शाखेत झाली, जिथे श्रेणी एकच्या, म्हणजे बऱ्याच खालच्या दर्जाच्या, अधिकाऱ्याने काम करणे अपेक्षित होते. बदली हा नोकरीचा भाग असून न्यायालये सहसा त्यात पडत नाहीत, हे मान्य करूनही न्यायालयाने सांगितले की या प्रकरणात महिलेचा सूडबुद्धीने छळ झाला आहे याबद्दल शंका उरत नाही. बदली रद्द झाली, त्यांना पुन्हा इंदूरला नेमण्याचा आदेश झाला आणि बँकेला ५० हजार रुपये खर्च द्यावा लागला. याच निकालातला आणखी एक मुद्दा आपल्याकडच्या संस्थांना लागू पडतो. बँकेच्या वकील-पॅनेलवरच्या व्यक्तीला समितीची बाहेरची सदस्य म्हणून नेमले होते, आणि न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. कायद्याला बाहेरचा सदस्य हवा तो संस्थेच्या प्रभावाबाहेरचा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनेतील किंवा या विषयाची जाण असलेला. तुमच्या समितीत संस्थेचे कायदा सल्लागारच 'बाहेरचे सदस्य' म्हणून बसले आहेत का, हे जरूर पाहा. तसे असेल तर लेखी हरकत आत्ताच नोंदवा, अहवाल आल्यावर नको.

त्या निकालावरून आपल्या प्रकरणात काय गोळा करायचे ते कळते. तक्रारीची तारीख आणि बदलीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. तीन आठवड्यांचे अंतर स्वतःच पुष्कळ बोलते. गेल्या काही वर्षांत तुमच्या श्रेणीतल्या किती जणांच्या बदल्या झाल्या, त्या वर्षाच्या कोणत्या महिन्यांत होतात, या वेळी एकट्या तुमचाच आदेश निघाला की यादी निघाली, मंडणगडला जागा खरोखर रिकामी होती का आणि तुमच्या जागी रत्नागिरीत कोणाला आणले, हे सर्व लिहून ठेवा. तिथले काम तुमच्या आताच्या कामापेक्षा खालच्या दर्जाचे असेल तर तेही नोंदवा.

संचालकांच्या निरोपाबद्दल मला अधिक गंभीरपणे सांगायचे आहे. असा निरोप घरच्या माणसाकडून आला की तो भलेपणाचा वाटतो, आणि दिरांनी तो चांगल्या भावनेनेच सांगितला असेल. तरी त्याचा अर्थ पाहा. बदली प्रशासकीय कारणासाठी असती तर तक्रार मागे घेतल्याने ती रद्द का व्हावी? लैंगिक छळाशी जोडून नोकरीतल्या स्थानाबद्दल दिलेली उघड किंवा आडून दिलेली धमकी ही पॉश कायद्याच्या कलम ३ प्रमाणे स्वतःच लैंगिक छळात मोडू शकते. याला तडजोडही म्हणता येणार नाही, कारण कलम १० खालील तडजोड महिलेच्याच विनंतीवरून, समितीमार्फत, चौकशी सुरू करण्यापूर्वी होते आणि पैसे हा तिचा पाया असू शकत नाही. तेव्हा निरोप कोणत्या दिवशी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत आला ते आजच्या तारखेने लिहून काढा. दिरांना सहीचे टिपण द्यायला सांगा. फोनवर संदेश आला असेल तर तो पुसू नका. समितीकडे पूरक तक्रार देताना हा सर्वांत मोठा पुरावा असेल. शिवाय तक्रारीतला मजकूर आणि तुमचे नाव गुप्त ठेवणे कलम १६ प्रमाणे बंधनकारक असताना तो संचालकांपर्यंत आणि त्यांच्याकडून तुमच्या घरी कसा पोहोचला, हेही समितीला विचारा.

आता रुजू होण्याचा प्रश्न. माझा आग्रह आहे की कोणतेही पत्र न देता घरी बसून राहू नका. गुजरात वीज मंडळाच्या १९८९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अडचण असेल तर कर्मचाऱ्याने निवेदन द्यावे, पण केवळ निवेदन दिले आहे या कारणाने बदलीच्या ठिकाणी जायचे टाळता येत नाही, आणि तसे केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. विनापरवाना गैरहजेरीचे आयते कारण संस्थेच्या हाती दिलेत तर आज जो प्रश्न त्यांच्या हेतूचा आहे, तो उद्या तुमच्या शिस्तीचा होईल.

यातून कायद्याने दिलेली वाट म्हणजे कलम १२ ची रजा. समितीकडे या आठवड्यातच लेखी अर्ज करा. त्यात लिहा की मी बदली मागितलेली नाही, चौकशी चालू आहे, माझ्या इच्छेविरुद्ध काढलेला आदेश चौकशी संपेपर्यंत स्थगित ठेवण्याची शिफारस करावी, शाखाधिकाऱ्यांची तात्पुरती बदली दुसऱ्या शाखेत करावी, आणि यावर निर्णय होईपर्यंत मला कलम १२ खाली तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी. ही रजा तुमच्या खात्यावरील हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. ती भरपगारी असल्याचे आदेशात लिहून घ्या. त्याच अर्जात पॉश कायद्याखालील नियमांपैकी नियम ८ चाही आधार घ्या. त्याप्रमाणे शाखाधिकाऱ्यांना तुमच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून आणि तुमचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येते. वार्षिक वाढीच्या वेळी हा मुद्दा फार उपयोगी पडेल. या अर्जाची एक प्रत सरव्यवस्थापकांना द्या, सोबत बदलीवर हरकत घेणारे स्वतंत्र पत्र द्या, आणि दोन्हींवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नाकारली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सात दिवस संपेपर्यंत समितीचा निर्णय आला नाही आणि न्यायालयाची स्थगितीही मिळाली नाही, तर मंडणगडला 'हरकत कायम ठेवून रुजू होत आहे' असे लिहून रुजू व्हा आणि तिथून रजेचा अर्ज करा. रुजू झाल्याने तुमचा आक्षेप संपत नाही. अन्याय्य आदेश पाळायला सांगताना मला बरे वाटत नाही, पण नोकरी हातात ठेवून लढणे अधिक सुरक्षित आहे.

सहकाऱ्यांचा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. तक्रार म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, आणि शाखाधिकाऱ्यांनाही पूर्ण सुनावणी मिळाली पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात चौकशी इतकी घाईने उरकली गेली की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. त्या घाईने तक्रारदारांनाही न्यायासाठी अधिक थांबावे लागले. पण चौकशीच्या काळापुरती, त्याच श्रेणीत, त्याच पगारावर आणि समितीच्या कारणांसह केलेली तात्पुरती बदली ही शिक्षा नाही. कायद्यानेच ती अंतरिम दिलासा म्हणून सांगितली आहे. म्हणून अर्जात त्यांना दूर, गैरसोयीच्या शाखेत पाठवा असे मागू नका. जवळच्या शाखेत, त्याच दर्जाच्या पदावर पाठवा असेच मागा. तुमच्यावर झाला तसा अन्याय त्यांच्यावर झाला तर तुमचीच तक्रार दुबळी होईल. आणि एक विसंगती सहकाऱ्यांच्या लक्षात आणून द्या. चौकशी संपण्याआधी बदली करणे अन्यायाचे असेल, तर चौकशी संपण्याआधी बदली फक्त तुमचीच झाली आहे.

दाद कुठे मागायची ते थोडक्यात सांगतो. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बदल्यांचे विनियमन करणारा राज्याचा २००५ चा अधिनियम आहे आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, पण पतसंस्थेला ते लागू नाहीत. तुमच्यासाठी वाट औद्योगिक न्यायालयाची आहे. व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे राज्याच्या १९७१ च्या अधिनियमाच्या अनुसूची चारमध्ये लिहिले आहे. तक्रार ९० दिवसांत करायची असते आणि अंतरिम स्थगिती मागता येते. क्लार्क-कॅशिअर म्हणून तुम्ही या संरक्षणात बसाल असे मला दिसते, तर शाखाधिकारी दर्जाच्या कर्मचाऱ्याला ते मिळणे अवघड असते. नव्या कामगार संहितांमुळे या वाटांत बदल होत आहेत, म्हणून अर्ज नेमका कुठे आणि कोणत्या कलमाखाली करायचा ते वकिलाकडून आधी पक्के करून घ्या. औद्योगिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध पुढे जावे लागले तरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पक्षकारांना आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले असून हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जाऊन साधा अर्ज करावा लागेल. अंतर्गत समिती नीट स्थापनच झालेली नाही असे आढळले, तर तसे जिल्हाधिकारी कार्यालयात कायद्याखालील जिल्हा अधिकाऱ्यांना लेखी कळवा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चौकशी ९० दिवसांत पूर्ण झाली पाहिजे, म्हणजे तुमच्या बाबतीत सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. अहवाल त्यानंतर १० दिवसांत दोन्ही पक्षांना मिळाला पाहिजे आणि त्यावर संस्थेने ६० दिवसांत कारवाई केली पाहिजे. तक्रार पुराव्याअभावी सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून तुमच्यावर कोणतीही कारवाई करता येत नाही, हे कलम १४ मध्येच लिहिले आहे. त्यामुळे अहवाल काहीही आला तरी 'आता बदली पक्की' असे कोणी म्हणाले, तर तो नवा आदेश समजून त्यालाही तीच हरकत घ्या. समितीकडे अर्ज दिल्यावर तिचे उत्तर काय येते ते मला कळवा. उत्तराची प्रत सोबत पाठवलीत, तर औद्योगिक न्यायालयातील अर्जात कोणते मुद्दे आधी घ्यावेत ते लिहून देईन.